एकीनं बाहेर राहायचं

—नाही मामा, आधी बसा. उभ्यानं भाषण केलंत की तुमचे गुडघे धरतात आणि मग त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. पिशवी खाली ठेवा. कळलंय मला, गेमचा डबा न्यायला आलात, एवढी मोठी रिकामी पिशवी घेऊन कुणी बहिणीची चौकशी करायला येत नाही. बाबांचा फोन आला असणार — पोरीनं कॉलेज सोडलं, दिवसभर टीव्हीसमोर उड्या मारते, तूच बघ. बाबांना काय, परगावची नोकरी, महिन्यातून एकदा येतात, दारातच आईला विचारतात बरी आहेस ना, ती हो म्हणते, झाली तपासणी! आणि तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलवाले. जन्मभर शेजारच्या सीटवर बसलात, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. समोरच्यानं जरा वेग घेतला की दाबलाच तुम्ही. म्हणून तर घरात काही झालं की तुम्हालाच धाडतात.

काय एवढं आहे त्यात, असं विचारताय की टोमणा मारताय? विचारताय? मग ऐका तरी. दोन महिन्यांत दोन गेम संपवले, तिसरा चालूय. सगळे एकाच जातीचे — डावीकडून उजवीकडे जायचं, मध्ये खड्डे, उडी मारायची, चुकलात की मेलात. पहिला चिमणीचा. कारखान्याची चिमणी, आत एक सफाईवाला, तो आपला वर वर चढतोय. दर दोन उड्यांना वाफ, काटे, फिरती पाती. मेला की अर्ध्या सेकंदात परत त्याच कठड्यावर उभा — ना आरडाओरडा, ना ‘तरी मी सांगत होतो’, ना शेजारच्या मुलीचे मार्क. मार परत उडी! मामा, खरं सांगते, मला आजवर इतकं सभ्यपणे कुणी वागवलेलं नाही. तुम्ही तर नाहीच. दुसरा सशाचा, ढगांवरचा. तो मात्र डोक्यात गेला माझ्या. सगळं गुबगुबीत, फूल उचललं तरी टाळ्या, आणि खाली पडलात तर एक पक्षी येतो, अलगद उचलून वर ठेवतो. असं कुठं असतं का? आईला तोच आवडायचा. ती मुद्दाम पडायची. नऊ-नऊदा, दहा-दहादा. पक्षी आला की म्हणायची, आला बाई —

हो, आईच म्हणाले. बसते कधीकधी माझ्याजवळ. त्यात काय झालं? असे बघू नका हो, लायसनच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

तिसरा? तिसऱ्याचं राहू दे. तो दोघांचा आहे. चिचुंद्री आणि बेडूक. दोन रिमोट लागतात. दुसरा कुणाच्या हातात, कुणाच्या म्हणजे — मामा, तुमच्या डोक्यात काय चाललंय ना, तोंडावर दिसतंय. दुपारी दार लावून कुणी मित्र येतो, असंच ना? शोभतं तुम्हाला. मित्र नाही. आई. आईच खेळते. मी सोबत करते. झालं समाधान?

हसा. बेडूक तिचा. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की बेडूक बुडबुड्यात जातो आणि तरंगतो. काटे लागत नाहीत, खड्डा लागत नाही, चिचुंद्री पुढे गेली की बुडबुडा आपोआप मागून येतो. चिचुंद्रीनं टिचकी मारली की फुटला, बेडूक खाली, चला परत. अवघड जागा पार करायची सोय आहे ती. आई अवघड जागेची वाटच बघत नाही. सपाट जमीन, समोर काही नाही, एक फुलपाखरू फक्त — आणि ही आत. मी म्हणते आई, इथं काय आहे घाबरण्यासारखं, उतर ना. ती म्हणते, थांब जरा. मी फोडते, ती चार पावलं चालते, की परत आत. काल सात चालली. मोजते मी. तुमचा शिकाऊ पहिल्यांदा चढावर गाडी बंद न पाडता निघाला की तुम्ही त्याची पाठ थोपटता ना? मी सात पावलांसाठी रात्री जेवायला गोड केलं, आणि कशासाठी ते तिला सांगितलं नाही.

आणि नियम असाय मामा, की दोघं एकदम बुडबुड्यात गेले की खेळ खलास. सगळं पहिल्यापासून. एकीनं बाहेर राहायचंच. परवा मीही दाबलं. बोट चुकलं वगैरे नाही, दाबलं. मलाही तरंगायचं होतं हो, दोन मिनिटं. पडदा काळा झाला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, चुकलं माझं. तिचं! मला म्हणाली!

कॉलेज त्या गेमपायी नाही सोडलं. तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, मी मान डोलावली, सोपं पडलं. आई हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसायची, माहितेय ना, सतरा वर्षं. अकरा महिन्यांपूर्वी एक दिवस सकाळी अकराला घरी आली. पलंगावर बसली. मी संध्याकाळी लॅबमधून आले तर तशीच, पायात चपला, खांद्याला पर्स. चपला मी काढल्या. त्यानंतर ती कामावर गेलेली नाही. पाठदुखीची रजा म्हणून सगळ्यांना सांगितलं. कारण विचारू नका, कारण असतं तर मीच जाऊन त्याची मुंडी पिरगाळली असती. डॉक्टरांकडे एकदा नेलं, दुसऱ्यांदा पायरीवरून परत फिरली. म्हणाली दादाला सांगू नकोस, तो सगळ्यांना गोळा करेल. शपथ घातली. मोडली मी आत्ता. सकाळी ती उठते कशासाठी, तोंड धुते कशासाठी? मी म्हणते, आई, बेडूक खोळंबलाय. एवढ्यावर उठते. आणि तुम्ही तो डबा नेणार आणि सोमवारपासून मला तुमच्या ऑफिसात फॉर्म भरायला बसवणार. मग इथं तिला कोण —

मामा, हाक नका मारू. ऐका ना माझं, आत्ता नको, मी आधी आत जाते — मारलीत. मारलीतच.

आली. बघा. केस विंचरून आली, ओढणी नीट, हसतेय. दादा कसा आहेस, चहा टाकू का — ऐकलात तो आवाज? तिचा खिडकीतला आहे तो. दुसरा मजला, डावीकडे वळा, काळजी करू नका — तोच. अकरा महिन्यांत मी ऐकला नव्हता. आई, अगं, सांगितलंय मी त्यांना सगळं. आई, सांग ना तूही.

काय म्हणालीस?

ऐकलंत ना मामा. पाठ बरी आहे तिची, पुढच्या आठवड्यात जाणार आहे कामाला. गेमचं तिला काही कळत नाही, पोरगीच बसते दिवसभर, ती आपली झोपलेली असते आत. आता तुम्ही माझ्याकडे असे बघा. बघाच. बहीण खोटं बोलणार का तुमची? हो, मीच खेळते. एकटीच, दोन्ही हातांनी दोन रिमोट. न्या तो डबा. वायर काढून देते, थांबा, ओढू नका अशी. दुसरा रिमोट आत आहे, तिच्या उशाखाली. मी नाही आणणार, तुम्ही जा, तुम्हीच काढा.

मिळाला? हाताला गरम लागतोय ना?

नाही, मला काही म्हणायचं नाही. टाका पिशवीत आणि निघा.