नॉमिनी म्हणजे आमचे हे

खरं तर बँकेच्या कॉल सेंटरमधली नोकरी मी त्याच दिवशी सोडणार होते. स्वतःची जन्मतारीख विचारली तरी लोक माझ्यावरच खेकसतात, आता बोला! तेवढ्यात पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका आजींचा फोन आला. त्यांचं कार्ड बंद पडलेलं, आणि बिल भरून आजोबांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं.

"आजी, खात्याच्या नॉमिनीचं नाव सांगा."

"आमचे हे."

"हे म्हणजे कोण?"

"हे म्हणजे हेच. दुसरं कोण असणार?"

"नाव सांगावं लागेल हो."

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ, बाई? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच."

मागून आजोबा म्हणाले, "दे इकडं, मी सांगतो."

"नाही चालणार," मी म्हटलं. "खातं आजींचं आहे, त्यांनीच सांगायला हवं."

"तुम्ही गप बसा हो," आजींनी त्यांना दटावलं. मग घसा खाकरला.

"मांजरीच्या उसाला आलाय तुरा, बबनरावांचं नाव घेते, कार्ड चालू करा!"

मी हसत हसत कार्ड चालू केलं.

"आता तू घे," आजी म्हणाल्या.

"माझं लग्न व्हायचंय अजून."

"मग उखाणा पाठ करून ठेव. ऐन वेळी सुचत नाही."

फोन ठेवून मी हे सगळं शेजारच्या सुहासला सांगितलं. तो स्क्रीनकडेच बघत हळूच म्हणाला, "सुहासला यमक काय जुळेल गं?"

नोकरी अजून सोडलेली नाही. यमक मात्र सापडलंय.