पहिले लिहायचं, मंग हात लावायचा

माझं गाव अल्लीपूर. आमच्या घरी वांगे, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला होये, बाप तो हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विके, आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, ते बी कसंबसं, इंग्रजीत दोनदा गचकलो आणि तिसऱ्या खेपेले निघालो. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिक झालंच नव्हतं, म्हणून बापानं गावात पेढे वाटले. इंजिनाचा नाद मले विहिरीवरच्या डिझेल पंपापासून लागला. पंप बंद पडला का लोक मले बोलावत, मी कान लावून ऐको, आणि कुठं दुखून राह्यलं ते मले समजे. डॉक्टरले समजते ना, तसंच.

मंग सत्तरच्या पुढं-मागं ते फवारणीचं विमान आलं. तुले माहीत नसंल बापू, तू तेव्हा जन्मला बी नसशील. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, विमानातून औषध मारत. एका खाजगी कंपनीनं वर्ध्याच्या बाहेर मुरमाची पट्टी सपाट केली, टिनाचं शेड टाकलं आणि दोन विमानं आणून उभी केली. मी सायकलवर पाहाले गेलतो, तर तिथं एक माणूस इंजिनाखाली पाना घेऊन घामाघूम होऊन राह्यलेला. मी म्हटलं, भाऊ, प्लग काळा पडला असंल. तो म्हणे, तुले काऊन वाटते? मी म्हटलं, आवाजावरून. दुसऱ्या दिवशी मी कामावर लागलो. हेल्पर म्हणून. आणि काय सांगू तुले, कागदावर मी आजही हेल्परच आहे.

काम मी शिकलो. ते औषध असं जालीम का धातूले खाते, म्हणून रोज संध्याकाळी विमान धुवा लागे, पत्र्याच्या सांध्यात बोट घालून पाहा लागे. पण विमानाच्या कामाचा कायदा असा का काम कोणीही करो, त्याच्याखाली लायसनवाल्या इंजिनिअरची सही पाह्यजे. ते लायसन सरकारी परीक्षा पास झाल्याबिगर भेटत नाई. आमच्याकडे लायसनवाले होते खन्ना साहेब. ते राहत नागपूरले. येत आठवड्यातून दोनदा, आणि जाताना रजिस्टरच्या कोऱ्या पानायवर सह्या करून रजिस्टर कपाटात ठेवत, किल्ली खिशात. शनिवारी मले विचारत, भाऊराव, हफ्तेभर में क्या क्या किया? मी सांगत जाओ, ते इंग्रजीत लिहित जात. म्हणजे हात माझे आणि अक्षर त्यायचं. पंधरा वर्ष मी त्या रजिस्टरले बोट लावलं नाई.

मंग वाटलं, आपणच लायसन काढावं. अनुभव होता, परीक्षेले बसता येत होतं. पण त्या परीक्षेची गोठ काय सांगू तुले. पेपर इंग्रजीत, तो बी निबंधासारखा. पहिल्या खेपेले प्रश्न आला का जेट विमानात उंचावर गेल्यावर आत हवेचा दाब कसा राखतात ते आकृती काढून लिहा. अरे, आमचं विमान पऱ्हाटीच्या शेंड्याले पाय लावत उडे, त्याले कायचा हवेचा दाब! औषधानं पत्रा सडला तर काय करावं, हे कोणी विचारलं नाई. तीन महिन्यांनी एक कार्ड आलं, त्याच्यावर नापास इतकंच. किती मार्क, कुठं चुकलं, काईच नाई. दुसऱ्या खेपेले तेच, तिसऱ्या खेपेले तेच. एका पेपरात गेलं का सारे पेपर पुन्हा द्या.

आणि खन्ना साहेब पास कसे झाले म्हणशील? त्यायनंच सांगितलं होतं. जुन्या प्रश्नायची वही भेटते, ती पाठ करायची. माणूस वाईट नव्हता, पण पाठांतराचा होता. एकदा इंजिन उघडलं होतं, मी म्हटलं, साहेब, मॅग्नेटो पाहा. तर ते दुसऱ्याच बाजूले जाऊन पाहून राह्यले. मॅग्नेटो म्हणजे ज्याच्यातून ठिणगी होते ते. मी हळूच म्हटलं, इकडे आहे साहेब. ते म्हणे, मालूम है, मैं तो पाना ढूँढ रहा था.

माझी बायको सुमन म्हणे, अहो, तुमचं ते लायसन म्हणजे आमच्या घरातलं न होणारं लगन आहे. दर वर्षी बोलणी, दर वर्षी नकार. आमच्या पोरी हासत. मी चिडो, पण तिचं खोटं नव्हतं.

मंग एक दिवस दिल्लीच्या विमान खात्याचा कागद आला. परीक्षेत सुधारणा करायची आहे, काम करणाऱ्या लोकायनं सूचना पाठवाव्या. तो कागद शेडात चहाच्या गंजाखाली, त्या पातेल्याखाली, महिनाभर पडला होता, त्याच्यावर गोल डाग पडला. मी उचलला, घरी नेला आणि तीन पानं लिहिली मराठीत. लिहिलं नाई बापू, ओकलो. कामासाठी आम्ही वर्ध्यापाशी बोरगावात बिऱ्हाड केलं होतं, तिथंच वानखडे मास्तर राहत, हायस्कुलात इंग्रजी शिकवत, त्यायच्याकडे नेलं. त्यायनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणे, भाऊराव, हे असंच पाठवलं तर परीक्षा सुधारणार नाई, तुम्हीच आत जाल. मंग त्यायनं तीन पानायचं एक पान केलं. मी शिव्या दिल्या होत्या, मास्तरनं विनंत्या केल्या. पण मुद्दे माझेच ठेवले. जो माणूस ज्या विमानावर काम करते त्याच विमानाचं विचारा. नापास केलं तर कुठं चुकलं ते सांगा. आणि अर्धी परीक्षा इंजिनापाशी घ्या, समोर बिघडलेलं इंजिन ठेवा आणि माणसाचा हात पाहा.

दोन वर्ष काई नाई. मी विसरून गेलतो. आणि मंग नवे नियम आले. इंजिनापाशी परीक्षा. मार्क कळवणार. माझ्याच पत्रानं झालं असं मी म्हणत नाई, देशात माझ्यासारखे किती असतील, पण त्या दिवशी मी शेडात सगळ्यायले भजे चारले. मास्तरनं खालचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा भजे संपले होते. यापुढं परीक्षेले बसाले बारावी सायन्स पाह्यजे. जुन्या मॅट्रिकवाल्यायले एकच संधी. मी म्हटलं, मास्तर, हे आपण लिहिलं होतं का? ते म्हणे, नाई, हे त्यायनं आपल्या मनानं टाकलं.

एक तर एक. पेपर आता टिकमार्कचा होता आणि आमच्याच जातीच्या विमानाचा, मास्तरनं सहा महिने इंग्रजी शब्द घोकून घेतले, तो मी काढला. मार्क बी आले, चांगले आले. आता राह्यली हाताची परीक्षा. सुमननं डबा बांधून दिला, म्हणे, हात तर तुमचेच आहेत, त्यायले काय पाठ करा लागते. मले बी तसंच वाटे.

मुंबईले एका मोठ्या शेडात लोखंडी घोडीवर इंजिन ठेवलं होतं. परीक्षक म्हातारे होते, शांत, मराठी बोलत. म्हणे, याच्यात पाच दोष आहेत, एक तास आहे. हातात एक छापील कागद दिला, तो मी खिशात ठेवला. आणि बापू, मी लागलो. प्लगच्या वायरले चीर, बदलली. नट ढिला होऊ नये म्हणून लॉकिंगची तार बांधतात, ती एका नटाले नव्हती, ती पिळून बांधली, अशी बांधली का फोटो काढावा. मॅग्नेटोचा पॉइंट घासून साफ केला. तेलाच्या नळीचा ढिला जोड आवळला. हवेच्या जाळीत चिंधी कोंबली होती, काढली. अर्ध्या तासात पाची. हात पुसून उभा राह्यलो. मनात म्हटलं, पाहा, हे पाहाले पाह्यजे होतं तुम्हाले इतके वर्ष.

ते इंजिनाभोवती फिरले, तार पाहून थांबले, मान हालवली. मंग म्हणे, कागद द्या.

मी खिशातून काढून दिला. कोरा.

म्हणे, दोष कुठे लिहिलेत? मी म्हटलं, साहेब, दोष राह्यलेच नाईत, मी दुरुस्त केले. ते म्हणे, दुरुस्त केले ते मला दिसतंय, कारण मी इथे उभा होतो. उद्या हे विमान घेऊन जो उडेल, तो इथे उभा नव्हता. त्याला कसं कळणार की तुम्ही कशाला हात लावला?

मी तो कागद परत घेऊन पाह्यला. पंधरा वर्षाची सवय, दिसलं का हात जाये, लिहिणारा दुसरा. त्या कागदावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, दोष आधी नोंदवा, नंतर काम करा. मी वाचलंच नव्हतं. म्हातारे म्हणे, तुमचा हात सोन्याचा आहे, पण सही करायला हात पुरत नाही. नापास लिहिताना त्यायले बी बरं वाटून नव्हतं राह्यलं.

घरी आलो तर सुमननं पाण्याचा गिलास पुढं ठेवला. संध्याकाळी मास्तर आले, तावात होते. म्हणे, हा अन्याय आहे, आपण दिल्लीले लिहू. कागद-पेन घेऊनच आलते. मी सांगाले बसलो, लिहा मास्तर, परीक्षकानं माझ्यावर. आणि पुढं काई येईच ना. काय लिहू? त्यायचं चुकलं असतं तर मी चार पानं लिहिली असती. माझी चीड कोणावर होती सांगू? खन्ना साहेबावर, त्या कपाटावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर, का पंधरा वर्षात एकदा बी म्हटलं नाई, साहेब, ती किल्ली इकडे द्या.

ते मी सोमवारी म्हटलं. रजिस्टर बाहेर राह्यलं तरच मी विमानाले हात लावतो. खन्ना साहेब लाल झाले, म्हणे, फेल होके आया और कानून सिखाता है? मी म्हटलं, फेल होऊनच शिकलो साहेब. फवारणीचे दिवस होते, दोन दिवस विमान उभं राह्यलं, तिसऱ्या दिवशी मालकानं किल्ली मागवली. तेव्हापासून रजिस्टर शेडात टेबलावर आहे, तारेनं बांधून. दोष, तारीख, काय केलं, सारं मी लिहितो, मराठीत. खाली सही लायसनवाल्याची.

खन्ना साहेब काम सोडून गेले, आता नव्या परीक्षेतून पास झालेला पोरगा इंजिनिअर आहे, पंचविशीचा, चांगला आहे. मॅग्नेटो कुठं असते ते त्याले माहीत आहे. माझं अक्षर वाचताना डोकं धरते, तरी वाचल्याबिगर सही करत नाई. परवा म्हणे, काका, तुम्ही खात्याला पुन्हा पत्र लिहा, जुन्या लोकांना अजून एक संधी द्या म्हणून. मी म्हटलं, नाई बापा. मागच्या खेपेले लिहिलं तर बारावी मागितली, आता लिहिलं तर डिग्री मागतील आणि तू बी घरी बसशील.

तो हासला. मी बी हासलो, पण काई मी गंमत नव्हतो करत. मले आता लायसन भेटत नाई, ते समजून चुकलो. तुमच्यासारखे पोरं कॉलेजात गेले, तुम्हाले तरी मिळो, जे पाह्यजे ते. फक्त परीक्षेले बसला का समोरचा कागद पहिले पुरा वाचजो बापू, खिशात नको ठेवजो.