आधी उठणारा ड्रायव्हर

शुद्धलेखनाच्या चुका अन् साधे शब्द सांभाळून घ्या, शाळा आठवीतच सुटली. सेनगावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस होता, अन् अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन म्हाताऱ्या गयामावशीचा अंगठा घेईना. मी सवयीनं झिजलेल्या अंगठ्याला दोष दिला, तीनदा साबणानं धुवायला लावला.

"पेन्शन बंद होईल रे! आता कातडं सोलू का?"

तेव्हा कुठे मी स्क्रीनवरचा मेसेज वाचला: मशीन सापडत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मशीन जोडलेल्या यूएसबीच्या आधीच उठत होता, अन् मशीन दिसलं नाही म्हणून बंद पडत होता.

"मावशी, अंगठा बराबर हाय. हा मशीनचा ड्रायव्हरच लवकर उठून राहिला."

"मंग बसव की त्याला मागं!"

सेटिंगमध्ये त्याला यूएसबीच्या मागे लावलं, दाखला निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या दोन्ही कॉम्प्युटरांत तीच रांग लावली, मगच शटर वर केलं.