हळद्याची पिल्लं

माझं माहेर यवतचं, आन् लगीन होऊन आले ती ह्या दौंडात, नवरा बागंत माळी हुता, तो गेल्यावर त्याची छाटणीची कात्री माझ्या हातात आली ती आजवर. नदीकाठची बाग हाय ना, तिच्या मागं रान माजलंय, करंज, लिंब, बाभळी, तिथं उन्हाळ्यात लोकं पाखरं बघाया येत्यात गळ्यात कॅमेरे घालून, त्यास्नी वाट मीच दावते.

यंदा काय सांगू तुम्हाला, तिथं पार्किंग करायचं ठरलं, झाडांवर तोडायच्या खुणा पडल्या. रोज पाखरं बघाया येणारे एक रिटायर मास्तर हायती, ते म्हनले, मावशी, लिंबावर हळद्याचं, त्या पिवळ्या पाखराचं घरटं हाय, नगरपालिकेच्या साहेबाला दावू, पिल्लं हायती तवर तो काम थांबवील. साहेब आला. पन हळद्याचं घरटं म्हंजी पानांच्या आत टांगलेली वाटी, खालनं काय दिसंना. मान वाकडी करकरून तो म्हनला, दिसल्याबिगर काम कसं थांबवू, उद्या दुपारी परत येतो.

मास्तर मला म्हनले, हात लावू नका. पन माझ्या जिवाला कुठला धीर? सारा जलम झाडं छाटण्यात गेला, वाटलं, चार डहाळ्या काढल्या तर काय बिघडतंय. सकाळी शिडी लावली आन् घरट्याभवतीचा पाला साफ केला. दोन पिल्लं हुती, मला बघून चोची वासल्या त्यांनी. आता कुणालाबी दिसंल म्हनून मी खुशीत भाकरी खायाला बसले.

भाकर सपायच्या आत कावळे आले. माझ्या डोळ्यांदेखत वं. दगडं मारली, वरडले, कशाचा काय उपेग न्हाई झाला. कावळ्यांनी न्हाई, मी मारली ती पिल्लं, ह्या हातांनी.

दुपारी साहेब आला, त्याला घरटं लगेच दिसलं. हळद्याची जोडी वरडत झाडाभवती फिरत हुती, त्याला वाटलं, पिल्लांना जपत्यात. तो ठेकेदाराला म्हनला, पिल्लं उडून जाऊस्तवर काम बंद. मास्तरांनी दुर्बीण लावली, खाली घेतली, माझ्याकडं बघितलं, आन् नुसत्या काचा पुसत बसले.

झाड उभं हाय, पन मला वर बघवत न्हाई. ठेकेदाराचा मानूस रोज सकाळी फाटकाशी येतो, इचारतो, मावशी, उडाली का पिल्लं? देवानं मला माफ करावं. मी म्हनते, न्हाई रं बाबा, अजून न्हाई उडाली.