बाबांचं घड्याळ आणि हॉलंडचा पाऊस

पावसामुळे उशीर झाला, हे मला सांगू नकोस रे. विश्रांतवाडीहून मंडईला यायचं, त्यात काय! मी नोकरीसाठी हॉलंडला होतो, तेव्हा दर रविवारी दहाच्या उपासनेला सायकल हाणत चर्चला जायचो. मार्चमधल्या एका रविवारी तर पाऊस आडवा येत होता आणि वारा मला सायकलसकट कालव्यात घालायला निघालेला. मोबाईल भिजायला नको म्हणून घरीच ठेवला. पण मनगटावर बाबांचं घड्याळ होतं, आणि दहाच्या ठोक्याला मी दारात हजर! आत बघतो तर सगळे कॉफी पितायत.

चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या आजी दारातच होत्या. म्हणाल्या, "उपासना संपली. आज पहाटे उन्हाळ्यासाठी देशभरातली घड्याळं तासभर पुढे केली. तुला विचारायचं राहिलं."

मी पुण्यात वाढलो, पण इतकं कोरडं उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. कॉफी मात्र गरम दिली, वर दोन बिस्किटं.

घरी येऊन मी घड्याळ पुढे केलं आणि विषय संपवला. ऑक्टोबरात तो तास पुन्हा मागे घेतात, हे कुणाला माहीत? त्याही रविवारी तसाच पाऊस, तसाच मी, दहाच्या ठोक्याला हजर. आणि दाराला कुलूप! निथळत पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आजी किल्ली घेऊन आल्या. माझ्याकडे एकदा बघितलं, शांतपणे कुलूप उघडलं आणि म्हणाल्या, "मार्चमधला तास भरून काढायला आलास वाटतं?"