भेंडखिंडीतला मीटरवाला

ऐका. सरका जरा जवळ. आणि ते मोबाईल खिशात घाला, त्यांच्या उजेडात ही गोष्ट सांगता येत न्हाई.

माझी पिकअप नवी व्हती तवाची गोष्ट. गाडीवर माझा लई जीव. दर अमावास्येला बॉनेट उघडायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी थेट बॅटरीपाशी ओतायचं. हसू नका! तुमच्या बापांनी पण तेच केलंय.

तर त्या पावसाळ्यात गाडीला एक रोग लागला. अंधार पडला, हेडलाईट लावले, की समोर ब्रेकचा पिवळा दिवा पेटायचा. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेकला एक कॉम्प्युटरची पेटी असतीया न्हवं, तिचा दिवा. सकाळी गॅरेजात न्यावी तर दिवा गायब! मेस्त्रीनं नवी बॅटरी बसवली. तरी सांज झाली की दिवा हजर. बायको म्हणाली, हे बाहेरचं हाय. मी तिलाच गप केलं.

आणि तसाच निघालो बघा. भाताची लावणी उरकून नऊ बाया मागं हौद्यात. त्यांतच सगळ्यात म्होरं, केबिनच्या मागच्या काचेला टेकून माझी चुलतबहीण हौसाक्का, मांडीवर वैरणीचा विळा. दिवेलागण झालेली. लाल मातीचा नुसता राडा. आणि मी, शहाणा, जवळची वाट म्हणून गाडी भेंडखिंडीत घातली!

पहिलं वळण. दिवे मंदावले. दुसरं वळण. हॉर्न दाबला तर रेडकू कण्हल्यागत आवाज. आणि अंधारातनं कुणीतरी म्हणालं, “थांब.” मी कशाला थांबतोय? ब्रेकचा दिवा पेटला. तिसरं वळण, आणि रस्त्याच्या मधोमध माणूस!

ब्रेक मारला. चाकं जाम! गाडी घसरत गेली ती त्या माणसातनं आरपार गेली. धक्का न्हाई, आवाज न्हाई, काय न्हाई. थांबली, पण दिवे इतके मंद, की म्होरं काय हाय ते दिसंना.

खाली उतरलो. तर तो बॉनेटपाशी उभा. हातात व्होल्ट मोजायचं जुनं काट्याचं मीटर, त्याला दोन वायरी.

“इंजिन चालू ठेव,” म्हणाला. “दिवे पण. हा रोग दिवसा सापडायचा न्हाई. दिव्यांचं ओझं पडलं तरच दिसतोय.”

मी बॉनेट उघडलं. त्यानं बॅटरीवर वायरी टेकवल्या. काटा चौदावर. मग ब्रेकच्या पेटीला टेकवल्या. काटा नऊवर!

“मधले पाच कुठं गेले?” त्यानं विचारलं.

त्यानं एक वायर बॅटरीच्या वजा टोकाला लावली आणि दुसरी पेटीच्या बॉडीला. तिथं काटा शून्याला पाहिजे, तर चढला पाचावर. “हितं गळतंय,” म्हणाला आणि बोट दाखवलं. बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथं कसलेली असती, तो अर्थिंगचा बोल्ट. हिरवागार! माझ्याच नारळाच्या पाण्यानं कुजलेला! केवढा कारागीर! गॅरेजात इतक्या खेपांत जे कळलं न्हाई, ते ह्यानं पाच मिनिटांत दाखवलं. मला तर त्याच्या पाया पडावं वाटलं.

तवा त्यानं मीटरच्या दोन्ही वायरी स्वतःच्या छातीवर टेकवल्या. काटा मेलेला. माझ्या छातीवर टेकवल्या. काटा थरथरला. तो नुसता बघत राहिला. भुकेनं बघावं तसा.

“बोल्ट हातानं दाबून धर,” म्हणाला. “नऊजणींना मी खाली नेतो.”

बाया किती, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं! पण हात आपोआप गेला बघा बोल्टावर. दाबला, तसे दिवे जरा उजळले. दार वाजलं न्हाई, आणि तो माझ्या शिटावर! गिअर पडला. चाक बोटभर म्होरं सरकलं.

“आक्के! विळा फेक!” मी वरडलो.

विळा पडला पायाशी. खिशात पाना व्हता. बोल्ट ढिला केला, दिवे पार गेले, सरकणारं चाक पण थांबलं. काळाकुट्ट अंधार! त्या अंधारात कानाशी तो म्हणतोय, “धर म्हटलं न्हवं! धर!” मी ऐकंना. विळ्याच्या टोकानं खरवडतोय, खरवडतोय, हिरवं गेलं, रंग गेला, कोरं लोखंड लागलं. बोल्ट घातला, जीव खाऊन कसला.

आणि दिवे पेटले! बाबांनो, असा उजेड मी त्या गाडीचा कधी बघितला नव्हता. शीट रिकामं. ब्रेकचा दिवा विझलेला. आणि म्होरलं चाक दरीच्या काठावर, मधी फक्त वीतभर माती.

मागं घेतली आणि खाली उतरलो. घसरली न्हाई, एकदा पण न्हाई. गावात आल्यावर हौसाक्काला म्हटलं, “देवासारखी विळा दिलास. तो माझ्या शिटावर बसला व्हता गं.”

आक्का म्हणाली, “शिटावर तर तूच व्हतास. मागच्या काचेतनं तुझंच डोकं, तुझाच टॉवेल. बॉनेटपाशी कोण परका माणूस विळा मागतोय, म्हणून मी भिऊन फेकला.”

ऐकलंत? मी परका झालो व्हतो! दोन मिनिटं अजून धरून बसलो असतो, तर माझ्या नऊ बाया माझ्याच तोंडाच्या माणसासंगं दरीत गेल्या असत्या. आणि मी अजून तिथं उभा असतो, मीटर घेऊन, तुमच्यातला एखादा यायची वाट बघत. भेंडखिंडीनं जाऊ नका रे. कधीच जाऊ नका.