पाठीवरचा वारा

(विजापूरहून कोल्हारकडे जाणारा रस्ता. पौषातली सकाळ. सुवर्णा आणि निंगव्वा सायकलवर. सुवर्णा पुढे, तिच्या मागच्या चाकाला चिकटून निंगव्वा.)

सुवर्णा : ताशी अठ्ठावीस. तिसऱ्यांदा सांगतेय निंगी, अठ्ठावीस!

निंगव्वा : मग मला धाप का लागतेय, अक्का?

सुवर्णा : दिवाळीत टायफॉइडनं आडवी होतीस. सलाइन चालू होतं तुझं. धाप लागणार नाही तर काय होणार?

निंगव्वा : गेल्या आठवड्यात सरांबरोबर सरावाला याच रस्त्यानं आले. अर्धा रस्ता बडबडत होते. सर वैतागले होते. आज दोन शब्द बोलले की... तिसऱ्याला श्वास नाही.

सुवर्णा : असतो एखादा दिवस. चाक सोडू नकोस. माझ्या आडोशाला आयती येतेयस, आणि वर कुरकुर.

निंगव्वा : आडोसा कशाला? वारा पाठीमागून आहे. जोंधळा बघ ना, सगळा आपण जातोय तिकडंच वाकलाय.

सुवर्णा : बरं आहे की मग. पाठीवर वारा, पुढं अक्का. राणीचा थाट आहे तुझा.

निंगव्वा : माझं वेगाचं मीटर बंद पडायला नेमका आजचा दिवस सापडला.

सुवर्णा : माझं चालू आहे ना? आकडा मी सांगते, पाय तू मार. सरांनी काय सांगितलंय? जाताना अठ्ठावीस, ही शर्यत नाही. येताना तोच जोर. बास. रविवारच्या संघाच्या निवडीआधी एवढंच बघायचंय त्यांना.

निंगव्वा : थोडं हळू घे ना.

सुवर्णा : याच्याहून हळू म्हणजे दूधवाले मागून येऊन घंटी मारतील. खरं सांगू का? तुझं अंग अजून भरलेलं नाही. हट्टानं उतरलीस. सरांना सांग, यंदा नाही जमत. पुढच्या वर्षी आहेच की.

निंगव्वा : नाही.

सुवर्णा : नाही तर नाही. मग दम धर आणि चल.

निंगव्वा : अक्का.

सुवर्णा : काय आता?

निंगव्वा : माझ्या कानात शिट्टी वाजतेय.

सुवर्णा : ताप असेल.

निंगव्वा : ताप नाही. वाऱ्याची शिट्टी. मागून एवढा वारा असताना अठ्ठावीसनं गेलं की कान गप्प असतात. चेन ऐकू येते. टायरखालची खडी ऐकू येते. आज मी तुझ्या मागं आहे, तरी कान गर्जतायत.

सुवर्णा : जास्त शहाणपण करू नकोस. पुढं बघ, खड्डा आहे.

निंगव्वा : मी बाजूला येतेय. मीटर बघू दे.

सुवर्णा : मागंच राहा! उसाच्या गाड्या आहेत.

निंगव्वा : गाडी नाहीये एकही. ही बघ, आले. बघू.

सुवर्णा : निंगी, हँडल धर नीट.

निंगव्वा : हात का ठेवलास मीटरवर?

सुवर्णा : ऊन येतंय त्याच्यावर.

निंगव्वा : अक्का, हात काढ.

सुवर्णा : मुळवाड गाव गेलं की बोलू.

निंगव्वा : हात काढ म्हणते ना! ... छत्तीस. छत्तीस, अक्का?

सुवर्णा : आता उतार होता म्हणून.

निंगव्वा : कुठला उतार? विजापूर सोडल्यापासून मला तू अठ्ठावीस सांगतेयस. मला वाटलं माझं अंगच संपलं. रात्री घरी अव्वाला फोन करून सांगणार होते, की मी परत येते.

सुवर्णा : करायचा होतास.

निंगव्वा : काय म्हणालीस?

सुवर्णा : ऐकलंस ते. तीन जागा पक्क्या आहेत. चौथी तुझी नाहीतर माझी. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. पदक आलं तरच नोकरीच्या रांगेत नाव लागतं. नाहीतर अण्णानं जमखंडीचं स्थळ बघून ठेवलंय, त्या घरात सायकल दारातसुद्धा उभी राहणार नाही. तू एकोणीसची आहेस. तुला दहा वर्षं पडलीयत.

निंगव्वा : हे मला तोंडावर सांगायचं होतं.

सुवर्णा : आणि तू जागा सोडली असतीस?

निंगव्वा : नसती सोडली.

सुवर्णा : मग? तुला टिकोट्याहून इथं कोणी आणलं? तुझ्या अप्पापुढं कोण हात जोडून बसलं होतं? बाराव्या वर्षी सीटवरून पाय पुरत नव्हते तुझे.

निंगव्वा : तुम्ही आणलंत. म्हणूनच तर आकडा विचारला आणि खरा मानला.

सुवर्णा : मी कधीपासून 'तुम्ही' झाले?

निंगव्वा : आत्तापासून. जा तुम्ही पुढं.

सुवर्णा : चाक सोडलंस तर पुन्हा गाठता येणार नाही. सर कोल्हारच्या पुलावर उभे आहेत, एकटी आलेली बघतील.

निंगव्वा : बघू देत. सुटले मी. जा.

*

सर : थांब, थांब! एक पाय टेकव. पाणी घे. सुवर्णा केव्हाच पूल ओलांडून वळून गेली. मी दोघींना बरोबर जायला सांगितलं होतं.

निंगव्वा : हो सर.

सर : काय झालं?

निंगव्वा : त्या पुढं गेल्या. मी माझ्या वेगानं आले.

सर : 'त्या'? भांडलात का रस्त्यात?

निंगव्वा : केळं आहे का, सर?

सर : हे घे. सावकाश खा. तोंड उतरलंय तुझं. गाडीत घालू का सायकल? मुलांची तुकडी यायचीय, ती आली की टेम्पो रिकामाच आहे.

निंगव्वा : नको.

सर : हट्ट करू नकोस बाळ. जाताना पाठीवर वारा होता तेव्हा तू मागं पडलीस. आता तो सगळा छातीवर येणार. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एकटीनं, आडोसा नाही.

निंगव्वा : माहितीय.

सर : आणि ती पुढं आहे म्हणून तिच्या मागं धावलीस तर मुळवाडच्या अलीकडंच बसशील. मी पुष्कळ पोरं अशी उचलून आणलीयत.

निंगव्वा : मी धावणार नाही, सर.

सर : मग ती जागा घेऊन जाईल. हेही समजून घे.

निंगव्वा : जाऊ दे. पहिला भाग माझा वेग नव्हता. उरलेला तरी माझा असू दे.

सर : म्हणजे?

निंगव्वा : काही नाही. माझं मीटर बंद आहे. वाऱ्यात किती ठेवू?

सर : आकडा विसर. वाऱ्यात अठ्ठावीस मागितलेस तर पाय फाटतील. जोर तोच ठेवायचा, वेग पडू द्यायचा. वीसवर आला तर वीस. पुढचं एक वाक्य पूर्ण बोलता येईल इतका श्वास हातात ठेव. गिअर हलका घे, लाज वाटू देऊ नकोस.

निंगव्वा : सायकलवाला पोरगा मागून पुढं गेला तरी?

सर : बैलगाडी पुढं गेली तरी.

निंगव्वा : गुळाचे लाडू आहेत माझ्याकडं. अर्ध्या तासानं एक खाते. येते सर.

सर : मी पोरं आली की निघतो. जुमनाळच्या फाट्यावर गाठतो तुम्हाला. निंगव्वा! डावीकडून चालव, उसाच्या गाड्या सुटल्यात!

*

निंगव्वा : कोण आहे तिथं? ... सुवर्णाअक्का?

सुवर्णा : जा पुढं.

निंगव्वा : रस्त्याच्या कडेला का बसलात? पडलात?

सुवर्णा : नाही. उतरले. नाही... सायकल आपोआप थांबली. ते बाभळीचं झाड सरकतंय का गं?

निंगव्वा : झाड जागेवर आहे. हात दाखवा. बर्फ झालाय हात. काय खाल्लंत?

सुवर्णा : सकाळी अर्धी भाकरी.

निंगव्वा : त्याच्यानंतर?

सुवर्णा : खायला थांबले असते तर तू आली असतीस.

निंगव्वा : मी तुमच्या मागं लागलेच नव्हते.

सुवर्णा : मला वाटलं लागशील. दर वळणावर मागं बघत होते. तू दिसायची नाहीस, तरी मी जोर लावत होते. वाऱ्यात तीस मारले, निंगी. तीस. पंधरा किलोमीटर जमलं. मग पायांत कोणीतरी वाळू ओतल्यासारखं झालं.

निंगव्वा : तोंड उघडा. लाडू. चावा.

सुवर्णा : गिळवत नाही.

निंगव्वा : पाण्याबरोबर गिळा. हळू. अजून एक घ्या.

सुवर्णा : तुला उरतील ना?

निंगव्वा : आता विचारताय होय?

सुवर्णा : तू जा. खरंच जा. सर फाट्यावर बघतील, तू एकटी ताठ आलीस म्हणून. मी मागून टेम्पोत येते. तुझं काम होतं.

निंगव्वा : टेम्पो मुलांच्या मागं आहे. तो यायला तास जाईल. तुम्ही थरथरताय आणि तुमचे पाय रस्त्यावर पसरलेत. गाडीवाला बघणार आहे का? पाय आत घ्या आधी!

सुवर्णा : तू रागात आहेस.

निंगव्वा : आहेच. उठा.

सुवर्णा : निंगी, मी तुला...

निंगव्वा : आत्ता नको. आत्ता बोलायला श्वास घालवायचा नाही. उठा, सायकल मी धरते. डावा पाय. आता उजवा. चला.

*

सुवर्णा : निंगी, वेग जास्त होतोय!

निंगव्वा : कमी केलं. आता?

सुवर्णा : हं. जमतंय.

निंगव्वा : चाकाला चिकटा. अजून जवळ. अर्धा हात.

सुवर्णा : तुझा वेळ जातोय माझ्यापायी.

निंगव्वा : गप्प बसा. ... गाडी! डावीकडं! डावीकडं घ्या!

सुवर्णा : आई गं...

निंगव्वा : लागलं का?

सुवर्णा : नाही. गाडीच्या वाऱ्यानं ओढलं. ऊस घासून गेला दंडाला.

निंगव्वा : खडीवर जाऊ नका. सरळ माझ्या पाठीकडं बघा, दुसरीकडं नको.

सुवर्णा : किती राहिलं?

निंगव्वा : होनगनहळ्ळी दिसतंय. चढ आहे छोटा. मी जोर वाढवणार नाही, वेग पडेल. घाबरून ब्रेक दाबू नका.

सुवर्णा : तू... सरांना सांगणार?

निंगव्वा : विचारलं तर खोटं बोलणार नाही.

सुवर्णा : आणि नाही विचारलं तर?

निंगव्वा : तर मला बोलायचंच नाही. ते तुमचं तुम्ही बघा. चढ आला. श्वास सोडा. सोडा!

*

सर : अरे! मागून येऊन फाट्यावर गाठलं तुम्हाला, तर दोघी बरोबर? सुवर्णा, पुलावर तर बाणासारखी गेली होतीस. आणि आता हिच्या मागं? बस, बस खाली. ओठ निळे झालेत तुझे.

सुवर्णा : सर, चौथी जागा हिची.

सर : ते मी ठरवीन. आधी काय झालं ते कळू दे. निंगव्वा, कुठून ओढत आणलंस हिला?

निंगव्वा : मुळवाडच्या पुढून.

सर : आणि जाताना तू मागं का पडलीस? पुलावर नीट उत्तर दिलं नाहीस.

निंगव्वा : सर, जाताना...

सुवर्णा : तिला विचारू नका. मला विचारा. मी तिला अठ्ठावीस सांगत होते आणि छत्तीसनं ओढत होते. ती संपावी म्हणून. आजारी आहेस म्हणून तिच्या मनात भरवत होते. तिनं ओळखलं आणि चाक सोडलं.

सर : सुवर्णा. तू?

सुवर्णा : हो, मीच.

सर : निंगव्वा, खरं आहे हे?

निंगव्वा : हो सर.

सर : नवव्या वर्षापासून ओळखतो मी तुला, सुवर्णा. पोरींना तुझ्या भरवशावर पाठवतो. आई-बाप तुझं नाव सांगून पोरी सोडतात माझ्याकडं.

सुवर्णा : माहितीय.

सर : रविवारी तू उतरणार नाहीस. पुढचं नंतर बघू. मला आत्ता राग आलाय, आत्ता काही ठरवत नाही. मी चहा सांगून येतो. साखर जास्त घालायला सांगतो. हलू नका इथून.

निंगव्वा : सर गेले.

सुवर्णा : हं.

निंगव्वा : रडू नका. लोक बघतायत.

सुवर्णा : अण्णाला आज फोन करावा लागेल. जमखंडीचं.

निंगव्वा : आज नका करू. आज तुमचं डोकं ठिकाणावर नाही.

सुवर्णा : राग किती दिवस राहील तुझा?

निंगव्वा : माहीत नाही. ते पाय इकडं पसरा, पोटऱ्यांत गोळे आलेत तुमच्या.